कालवण एक, पंगत मोठी

मंडळी, चार पाहुणे जेवायला येणार आहेत असे कळले की घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? पोळ्या करायच्या की भाकरी, हा नव्हे. गोड काय, हाही नव्हे. पहिला प्रश्न असतो, "कालवण कशाचं करायचं?" तो एकदा सुटला की बाकीचे बेत आपोआप जुळत जातात. कालवण पातळ असेल तर भात जास्त टाकावा लागतो, दाट असेल तर भाकऱ्या जास्त थापाव्या लागतात. ते तिखट असेल तर जवळ ताक किंवा सोलकढी हवी, आंबट असेल तर ताटात कुठेतरी गोडाचा घास हवा. तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचा बेत म्हणजे एका कालवणाभोवती बाकीचे पदार्थ नीट बसवणे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. या साध्या घरगुती कामाला फार मोठा इतिहास आहे. त्यात राजे आहेत, दर्यावर्दी आहेत, समाजसुधारक आहेत आणि चुलीपुढे बसलेल्या असंख्य बिननावाच्या बायका आहेत. आज त्या इतिहासातली काही पाने आपण चाळू.

प्रथम नावाचाच विचार करू. ज्याला सारे जग आज 'करी' म्हणते, त्याला आपल्याकडे एक नाव नाही. देशावर कालवण, कोरड्यास, रस्सा. डाळीचे असेल तर आमटी. कोकणात माशांचे कालवण, खानदेशात रशी, गोव्यात हुमण. 'करी' हा शब्द मूळचा तमिळ 'करि' पासून आला, पोर्तुगिजांनी त्याचे 'कारिल' केले आणि इंग्रजांनी 'करी'. आपल्याकडे प्रत्येक कालवणाला वेगळे नाव राहिले, कारण प्रत्येकाचे सोबती वेगळे होते. परदेशात एकच नाव उरले, ते का, हे पुढे दिसेल.

आता आठशे-नऊशे वर्षे मागे जाऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण. आपल्या लातूर-धाराशिवापासून ती काही दूर नाही. या ग्रंथात राज्यकारभार आहे, हत्ती-घोडे आहेत, संगीत आहे, आणि 'अन्नभोग' नावाचे एक प्रकरणही आहे. भात कसा शिजवावा, डाळी कशा कराव्यात, मांस कसे भाजावे, हे राजाने त्यात सांगितले आहे. त्यात 'मंडक' आहेत. आपल्या मांड्यांचे हे पूर्वज. 'शिखरिणी' आहे, तिचे नाते आपल्या श्रीखंडाशी लागते. कालवणाला हिंग आहे, आले आहे, हळद आहे, मिरी आहे. मात्र एक गोष्ट नाही, आणि ती ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्यात मिरची नाही!

मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणाही नाही. असणार कुठून? ही सगळी पिके अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला तो १४९२ साली. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यांच्या गलबतांतून नवी रोपे आणि बिया आपल्या किनाऱ्याला लागल्या. आपल्या लोकांनी नव्या तिखटाला जुन्या मिऱ्याचेच नाव लावले आणि 'मिरची' म्हटले. 'बटाटा' आणि 'काजू' हे शब्द तर सरळ पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना येथे एक चांगला पाठ मिळेल. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीची वाटी मुलांपुढे ठेवा आणि नकाशा उघडा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद अमेरिकेतला. शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हेही तिकडचेच. आपले म्हणावे तर तूप आणि जिरे! ज्या दिवशी आपण सर्वांत जास्त सोवळे पाळतो, त्या दिवशीचे ताट सातासमुद्रापलीकडून आलेले आहे. 'आमचे जेवण अनादि काळापासून असेच' असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला ही वाटी दाखवावी. परके आले, ते आपण पाट्यावर वाटले, फोडणीत टाकले आणि आपले करून घेतले. यात कमीपणा कसला? उलट ही आपल्या बायकांची मोठी करामत आहे.

आता कालवण बाहेर कसे गेले ते पाहू. १७४७ साली इंग्लंडमध्ये हॅना ग्लास नावाच्या बाईंनी पाकक्रियांचे एक पुस्तक छापले. त्यात हिंदुस्थानी पद्धतीची 'करी' कशी करावी हे दिले आहे. कोंबडी घ्यावी आणि तिला मिरी व धने लावावेत, एवढाच तिचा मसाला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये तयार 'करी पावडर' विकत मिळू लागली. १८१० साली मूळचे पाटण्याचे दीन महंमद यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे उपाहारगृह उघडले. पण त्या काळी ते फार दिवस तग धरू शकले नाही.

इकडे मद्रासेत गोऱ्या साहेबांपुढे निराळीच अडचण उभी राहिली. त्यांच्या जेवणाची रीत अशी की पदार्थ एकामागून एक यायचे. आधी सूप, मग मासा, मग मांस, शेवटी गोड. आपले ताट सगळे एकदम मांडलेले. मग आपले कालवण त्यांच्या रांगेत बसायचे कुठे? तमिळ लोकांचे मिरीचे पाणी, म्हणजे 'मिळगु तण्णीर', त्यांनी उचलले आणि जेवणाच्या आधी पिण्याचे सूप करून टाकले. तेच त्यांचे 'मलिगटॉनी'. आणि करी? कर्नल केनी-हर्बर्ट यांनी १८७८ साली मद्रासच्या स्वयंपाकावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी नोंदवले आहे की बड्या मेजवान्यांतून करी उठली असून ती न्याहारीला, दुपारच्या खाण्याला किंवा घरच्या लहानशा जेवणापुरती उरली आहे.

यातून आपण काय घ्यायचे? कालवण एकटे उचलून नेले की ते पोरके होते. त्याचा भात, त्याची भाकरी, त्याची कोशिंबीर, त्याचे ताक मागेच राहिले. मग सगळ्या कालवणांना एकच पूड आणि एकच नाव मिळाले. वरमायांनी भरलेल्या मांडवात नवरदेवाचे नावच कोणी विचारू नये, तसे झाले.

आपल्याकडे मात्र सोबती सुटले नाहीत. कोल्हापूरकडे पाहा. तांबडा रस्सा जहाल, म्हणून त्याच्या शेजारी नारळाच्या दुधाचा, खसखशीचा सौम्य पांढरा रस्सा. दोन्ही पातळ, म्हणून मटण सुके. सोबत भाकरी, कांदा आणि लिंबू. कोकणात उतरा. माशाच्या कालवणात ओले खोबरे, बांगडा असेल तर तिरफळ, सोबत भात, आणि शेवटी आमसुलाची सोलकढी. खानदेशात खापरावरची मोठी पुरणपोळी, तिच्याबरोबर झणझणीत रशी आणि तळलेली कुरडई. विदर्भात शेणीवर भाजलेले रोडगे, त्यांना वांग्याची भाजी आणि वरण. मराठवाड्यात येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचे मसाला घातलेले पीठ. ते कालवले की पातळ आमटीला अंग येते आणि चार पाहुणे वाढले तरी घरधनीण डगमगत नाही. ज्या मातीत जे पिकते, ज्या हवेत जे पचते, त्यावरून ही ताटे ठरलेली आहेत.

सर्वांत शहाणपणाची जोडी पाहायची असेल तर पुरणपोळी आणि कटाची आमटी पाहावी. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवायची. डाळ उपसून तिचे पुरण करायचे. उरलेले पाणी, म्हणजे कट, ओतून द्यायचे नाही. त्यात थोडे पुरण कालवायचे, चिंचेचा कोळ आणि काळा किंवा गोडा मसाला घालायचा, भाजलेले खोबरे आणि जिरे वाटून लावायचे, वर हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची. एका डाळीतून सणाचे गोड निघाले आणि त्या गोडाला उतारा देणारे तिखट-आंबट कालवणही निघाले. काही वाया गेले नाही, सरपणही वाढले नाही. मग बाकीचे ताट कसे बसते पाहा. पोळी मऊ आणि गोड, म्हणून कुरडई-पापड कुरकुरीत. आमटी पातळ, म्हणून बटाट्याची भाजी सुकी. दोन्ही शिजलेले, म्हणून कोशिंबीर कच्ची. आमटीत खोबरे पडलेच आहे, म्हणून भाजीत पुन्हा खोबरे नको. मुरलेली आमटी दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, तेव्हा उरली तरी चिंता नाही.

हे शहाणपण चुलीनेही शिकवले. आपल्या जुन्या चुलीला शेजारी वैल असे. चुलीचा जाळ पुढे वैलाकडे जाई. मुख्य चुलीवर तवा आणि भाकरी, वैलावर मंद उकळणारे कालवण. एका जाळात दोन कामे. म्हणून कालवण आधी आटोपायचे, ते वैलावर सरकवायचे आणि पाहुणे पाटावर बसले की गरम भाकरी थापायला घ्यायची. आता गावोगाव गॅसच्या शेगड्या आल्या, पण क्रम तोच चांगला. वाटण आदल्या रात्री, कालवण सकाळी, कोशिंबीर शेवटी. ज्या घरात हा क्रम पाळतात तिथली बाई पाहुण्यांशी दोन शब्द बोलू शकते. नाही पाळला तर ती जेवणभर धुरात.

हे सगळे ज्ञान शतकानुशतके तोंडीच चालत आले. लिहिले गेले ते थोडे, आणि तेही बहुधा पुरुषांच्या हातून. सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तंजावरच्या भोसले राजांच्या संग्रहात 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे मराठी हस्तलिखित आहे. त्यात इंग्रजी धर्तीच्या पदार्थांनाही जागा आहे. छापखाने आल्यावर १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आले. हजार पाकक्रिया एका बाईने लिहून काढल्या. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. तिने शेर-मापाचे कोडे सोडून वाटी आणि चमच्याचे माप दिले. सासरी नव्याने आलेली, आईपासून दूर असलेली किती तरी मुलगी या पुस्तकाच्या आधाराने पहिली आमटी करायला शिकली. ज्यांचे ज्ञान, त्यांच्याच हाती लेखणी आली, ही गोष्ट लहान समजू नये.

श्रोतेहो, इथवर आपण कालवण कशाबरोबर जाते ते पाहिले. आता ते कोणाबरोबर जेवतात, हा अवघड प्रश्न घेऊ. कारण बेत कितीही चांगला जमला तरी पंगतीला कोण बसणार हे आपल्या समाजात बराच काळ जातीने ठरवले.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी निघाली. जातिभेद मानायचा नाही, हे तिचे व्रत. सभासद होताना काय करायचे? ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. एवढेच! आज आपण चहाबरोबर पाव खातो आणि विसरूनही जातो. त्या काळी तो एक घास घेण्यासाठी दारे लावून घ्यावी लागत. सभासदांची नावे बाहेर फुटली, तेव्हा ती सभा १८६० च्या सुमारास मोडली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळी गेली असता तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. ते वर्तमानपत्रात छापून आले आणि पुण्यात गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. एक पेला चहासाठी केवढे हे रण!

पण ज्यांना पंगतीच्या जवळही येऊ देत नसत, त्यांचे दुःख याहून कितीतरी खोल होते. अन्नाची गोष्ट दूरच, पाणीही वर्ज्य होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला. राजाने प्यालेला तो कप हजार भाषणांच्या तोडीचा होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली ती पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा झाला. कायद्याने दार उघडले. पण घरातल्या पंगतीत पाट मांडायला कायदा येत नाही, तो आपणच मांडावा लागतो.

टंचाईनेही आपल्या पंगतीची परीक्षा पाहिली आहे. १९४३ साली मुंबईत रेशन सुरू झाले आणि पाहुणा येणार म्हटले की आधी शिधापत्रिका पाहण्याची वेळ आली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची हाक दिली आणि लाखो घरांनी ती मानली. १९७२ च्या दुष्काळात आपल्या लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकऱ्या गिळल्या. अशा दिवसांत कालवणानेच घर राखले. मूठभर डाळ, तांब्याभर पाणी, मिरची आणि मीठ. भाकरी कोर-कोर वाटली तरी भिजवायला काहीतरी असे. 'पाहुणा वाढला, आमटीत पाणी वाढवा' हे आपण हसत म्हणतो. पण त्या हसण्यात दाराशी आलेल्याला परत न पाठवण्याचा निश्चय आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ घरांत पहिली पंगत पुरुषांची, मग मुलांची, आणि बायकांची शेवटी. जिने मसाला वाटला, जाळ घातला, तिच्या वाट्याला तळाशी खरवडलेले कालवण आणि गार भाकरी. हा बेत करताना तिला कोणी मोजलेच नाही! पाहुणे दहा असतील तर डाळ दहांची टाकतात. करणारी अकरावी हे ध्यानात घेत नाहीत. बेताचे पहिले माप तिच्यापासून धरावे आणि शक्य तिथे तिला पंगतीतच बसवावे. वाढायला घरचे पुरुष आहेत की! त्यांच्या हाताला काही पळी जड होत नाही.

या बाबतीत गावची शाळा आज आपल्यापुढे आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. आरंभी अनेक राज्यांत कोरडे धान्यच वाटले जाई. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले ताजे अन्न द्यावे असा आदेश दिला. तेव्हापासून गावोगावच्या शाळांच्या व्हरांड्यात दुपारी पंगत बसते. त्यात शेतकऱ्याचे मूल असते, मजुराचे असते, सगळ्या वस्त्यांमधले असते. गुरुजी, परमहंस सभेला जे दारे लावून करावे लागले, ते तुमच्या ओसरीवर दिवसाढवळ्या घडते आहे. रांगा कशा बसतात आणि कोण कोणाशेजारी बसते, याकडे लक्ष ठेवा. इतिहासाचा तास तिथेही चालू असतो.

आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला जास्त, एकाला कमी. एकाला चांगले, एकाला उरलेले वाढणे म्हणजे पंक्तिप्रपंच. जुन्या लोकांनी ते पाप मानले. कालवणाच्या बाबतीत हे पाप फार सोपे आहे, बरे का. रश्श्याची तर्री वर तरंगते, फोडी तळाशी बसतात, मध्ये नुसते पाणी. वाढपी वरून पळी फिरवील तर एकाला तर्री, खालून घालील तर दुसऱ्याला फोडी, आणि अनोळखी माणसाला मधले पाणी! म्हणून तर 'वाढपी ओळखीचा असला तर कुठेही बसा' असे म्हणतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा कालवण कोणते करायचे ते तुमच्या शिवारात काय पिकले यावरून ठरवा. पातळ असेल तर भात, दाट असेल तर भाकरी, तिखट असेल तर ताक, हे हिशेब तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यात दोन गोष्टींची भर घाला. माणसे मोजताना रांधणारीला मोजा. आणि वाढायला घेण्याआधी पळी तळापर्यंत नेऊन कालवण चांगले ढवळून घ्या.